‘बघू’ म्हटलेल्या कल्पनांचे काय होते?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाचे फिटिंग बनवणारा आपला कारखाना आहे, सत्तरेक माणसे आहेत आणि त्यांपैकी नऊ जण डिझाइन, गुणवत्ता तपासणी, संगणक आणि शेतावरचा सल्ला अशा कामांत आहेत. गेल्या दीड वर्षात या विभागातले तिघे पुण्याला गेले. राहिलेल्यांसाठी आपण अंगठ्याचे यंत्र बसवले, दर अर्ध्या तासाला काय केले याची वही सुरू केली आणि जानेवारीत सूचनापेटी लावली. दिवाळीपर्यंत पेटीतून चौदा चिठ्ठ्या निघाल्या, त्यांतल्या नऊ कूलर आणि चहाबद्दलच्या होत्या. आता आपण विचारता की अशा माणसांना मोकळीक द्यावी की शिस्त लावावी, आणि खान्देशात कल्पक माणूस टिकतच नाही हे खरे आहे का.

मी याच व्यवसायात सत्तावीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची पंधरा वर्षे विकास विभाग सांभाळला आणि आता धुळे-जळगाव भागातल्या लहान कारखान्यांना सल्ला देतो. मोकळीक की शिस्त, हा प्रश्न मलाही अनेक वर्षे पडत असे. माझ्या अनुभवाने सांगतो की आपली अडचण त्याच्या अलीकडे आहे. या नऊ जणांचे काम नेमके काय आहे हे कोणी ठरवायचे, आणि त्यांनी काही सुचवले तर त्याला उत्तर कोण आणि केव्हा देणार, या दोन गोष्टी आपल्याकडे ठरलेल्या दिसत नाहीत. त्या ठरल्या नसताना मोकळीक दिली तर माणसे चाचपडतात आणि शिस्त लावली तर वह्या भरतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. आपले पगार बाजारभावाच्या पुष्कळ खाली असतील तर पुढचे काहीच लागू पडणार नाही. पगाराचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. कारखाना घरचा असेल आणि दोन भाऊ दोन वेगळे हुकूम देत असतील, तर माणसांचे काय चुकते हे शोधण्यापूर्वी घरात बसून बोलणे बरे. आणि आपल्या मालाची मागणी अनुदानाच्या वेळापत्रकावर हलत असल्यामुळे, जे पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत वर्षभर चालते ते आपल्याकडे चार महिनेच चालेल, हेही गृहीत धरले पाहिजे.

आता कामाबद्दल. ‘नॉलेज वर्कर’, म्हणजे डोक्याने काम करणारा माणूस, हा शब्द व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५९ च्या सुमारास वापरात आणला, आणि पुढे त्यांनीच सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटते: हाताच्या कामात काय करायचे हे आधीच ठरलेले असते, डोक्याच्या कामात ‘काम कोणते’ हाच पहिला प्रश्न असतो. वितळलेले प्लास्टिक साच्यात भरणाऱ्या आपल्या इंजेक्शन मशीनवरच्या माणसाला साचा सांगतो की आज काय निघणार. त्याचे नग मोजता येतात, तास मोजता येतात, आणि ते मोजणे योग्यच आहे. साच्याचे डिझाइन काढणाऱ्या मुलाला मात्र साचा काहीच सांगत नाही. कोणता साचा काढायचा हेच त्याला शोधायचे असते. अर्ध्या तासाची वही हे शोधणे दाखवू शकत नाही.

याचे माझ्या डोळ्यांसमोरचे उदाहरण देतो, आणि त्यात चूक माझी होती. यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीच्या बागांतून तक्रारी येत होत्या की आमचे ड्रिपर, म्हणजे नळीतून थेंब सोडणारी तोंडे, दोन हंगामांत चोक होतात. मी एका तरुण अभियंत्याला काम दिले: अधिक बारीक जाळीचा फिल्टर तयार कर. तो तीन आठवडे फिल्टरच्या टेबलाकडे फिरकलाच नाही. सकाळी बसने बाहेर पडायचा, दुपारी पिशवीभर चिखलाच्या नळ्या घेऊन यायचा आणि वर्तमानपत्र पसरून एकेक ड्रिपर ब्लेडने उभा चिरत बसायचा. मी त्याला दोनदा रागावलो. त्याच्या वहीत रोज तेच वाक्य होते, ‘क्षेत्रभेट आणि तपासणी’, आणि मला ते चुकवेगिरीचे वाटत होते.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्याने मला टेबलापाशी बोलावले. ओळीने चाळीसेक चिरलेले ड्रिपर मांडलेले होते. त्यांत वाळू फारशी नव्हती. पाणी बाहेर पडते त्या टोकाला पांढरा थर होता. त्यावर त्याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तसा तो फसफसला. तो चुना होता. त्या बागांच्या विहिरींचे पाणी जड, काळी नळी उन्हात पडलेली, मोटर बंद झाली की नळीत उरलेले पाणी तापते आणि पाणी तापले की त्यातला चुना विरघळलेला राहत नाही, खाली बसतो. विरघळलेला क्षार कोणतीही जाळी अडवू शकत नाही. म्हणजे मी दिलेले कामच चुकीचे होते. फिल्टर दुप्पट बारीक केला असता तरी ड्रिपर तितकेच चोक झाले असते, आणि शेतकऱ्याला वर फिल्टर धुण्याचा ताप झाला असता. शेवटी आम्ही ड्रिपरमधली पाण्याची वाट रुंद केली, नळ्यांत आम्ल सोडण्याचे एक पानी वेळापत्रक मराठीत छापले आणि पाणी दुपारऐवजी रात्री किंवा पहाटे द्यावे असा सल्ला विक्रेत्यांमार्फत पोचवला.

त्या मुलाला मी ‘ड्रिपर का चोक होतात ते शोध’ असे सांगितले असते तर तीन आठवड्यांतला त्याचा अर्धा वेळ वाचला असता, कारण तो वेळ माझ्यापासून काम लपवण्यात गेला. म्हणून आपल्याला पहिली सूचना ही की या नऊ जणांना उपाय देऊ नका, अडचण द्या. आणि अडचण लिहून झाली की ‘ही अडचण बरोबर मांडली आहे का’ हे त्यांनाच विचारा. त्या प्रश्नावर आठवडा गेला तरी जाऊ द्यावा. अंगठ्याचे यंत्र राहू द्या, कारण कारखान्यात कोण आत आहे हे सुरक्षेसाठी कळलेच पाहिजे. अर्ध्या तासाची वही मात्र बंद करा. तिच्या जागी आठवड्याला एकच पान मागा: गेल्या आठवड्यात मला काय वाटत होते, त्यातले काय चुकीचे निघाले आणि पुढच्या आठवड्यात काय शोधणार. ‘काय चुकीचे निघाले’ हा रकाना सलग तीन आठवडे कोरा आला तर त्या माणसाजवळ जाऊन बसा. तो आळशी आहे असे समजू नका. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो.

सूचनापेटीकडे वळतो, कारण आपल्या पत्रातला मला सर्वांत बोलका भाग तोच वाटला. चौदा चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले हे आपण कुठेच लिहिलेले नाही.

आपल्याकडे नकार देण्याची एक सभ्य रीत आहे. शेठ कोणाला ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. बोलणाऱ्याला वाटते की आपण कोणाचे मन मोडले नाही. ऐकणारा पहिल्यांदा खरेच वाट बघतो, दुसऱ्यांदा महिनाभर थांबतो आणि तिसऱ्यांदा सुचवतच नाही. पुढे तो ‘हो भाऊ’ एवढेच म्हणायला शिकतो, आणि मग मालक सगळीकडे सांगत सुटतात की माझ्या माणसांना काही सुचतच नाही. माझ्या पाहण्यात जितके कारखाने आले त्यांत कल्पनांचा तुटवडा क्वचितच होता. उत्तरांचा तुटवडा मात्र जवळपास सगळीकडे होता.

मी विभागात एक साधी लांब वही ठेवली होती. कोणी सुचवले, काय सुचवले, उत्तराची तारीख, उत्तर आणि कारण, असे पाच रकाने. मुदत एका आठवडे बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत. उत्तरे तीनच चालत: ‘हो’; ‘नाही’ आणि का नाही; किंवा लहान प्रमाणात करून पाहू, इतका खर्च, इतके दिवस, जबाबदारी अमुक याची. ‘बघू’ लिहायला बंदी होती आणि ती बंदी मलाही लागू होती. पहिल्या दोन महिन्यांत सर्वांत अवघड गेले ते मला, कारण ‘नाही’ लिहिल्यावर कारण लिहावे लागे आणि बऱ्याचदा माझ्याकडे कारणच नसे. कारण सापडले नाही तर ती कल्पना करून पाहायची, असा नियम मग मीच घालून घेतला. ‘नाही’ ऐकून कोणी रुसले नाही. उलट नकाराचे कारण वाचून तीच सूचना सुधारून परत आणणारे दोघे-तिघे निघाले, आणि त्या सुधारलेल्या सूचना आमच्या सर्वांत कामाच्या ठरल्या.

पेटीची कल्पना काही वाईट नाही. टोयोटाने १९५१ मध्ये आपली सूचना योजना सुरू केली ती अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात पाहिलेल्या योजनेवरून, आणि ती आजवर चालू आहे. फरक असा की कुलूप लावलेली पेटी बंद तोंडाची असते. आत टाकलेले दिसत नाही, उत्तरही दिसत नाही. वही उघडी असते, आणि उत्तर कोणाकडे अडले हे सगळ्यांना वाचता येते. आपले नाव वारंवार अडलेल्या रकान्यात दिसले की आपणच लवकर उत्तर देऊ लागाल, असा माझा अनुभव आहे.

मोकळ्या वेळेबद्दल आपण विचारले आहे. थ्री-एम कंपनी १९४८ पासून आपल्या तांत्रिक लोकांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या प्रयोगांसाठी देते, आणि चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांची गोष्ट त्याबरोबर नेहमी सांगितली जाते. ती गोष्ट पुरती ऐकली तर वेगळीच बाब दिसते. कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये हवा होता त्यापेक्षा कमजोर गोंद मिळाला. त्याचे काय करावे हे त्यांनाही कळेना, पण ते कंपनीतल्या इतरांना त्याबद्दल वर्षानुवर्षे सांगत राहिले. आर्ट फ्राय यांनी ते अशाच एका व्याख्यानात ऐकले होते, आणि १९७४ मध्ये चर्चमध्ये गाताना गीतांच्या पुस्तकातल्या खुणेच्या कागदी पट्ट्या पडू लागल्या तेव्हा त्यांना तो गोंद आठवला. अमेरिकाभर विक्री सुरू व्हायला १९८० उजाडले. मोकळा वेळ होता हे खरे, पण फसलेला गोंद चार लोकांसमोर मांडता येत होता आणि ऐकणारा माणूस दुसऱ्याच विभागातला होता, याचे मोल मला जास्त वाटते. नऊ जणांच्या विभागात पंधरा टक्क्यांचा हिशेब करत बसू नका. बागायती कापूस आणि मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावायची केळी, यांच्या आधी, म्हणजे मार्च ते जूनमध्ये, आपल्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा मोकळा वेळ देण्याचे सोंगही करू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र सहा आठवडे सरळ बाजूला काढा, दोन-दोन जणांच्या जोड्या करा, आणि वर्षभरात फसलेल्या गोष्टी एका दुपारी सर्वांसमोर टेबलावर मांडायला लावा. मशीनवरचे आणि विक्रीतले लोकही त्या दुपारी बोलवा.

फसलेले मांडायला माणूस तयार व्हायचा तर आधीच्या फसलेल्याचे काय झाले हे तो पाहतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या पथकांतले आपसांतले संबंध आणि नेतृत्व चांगले होते त्यांच्याच नावावर जास्त चुका नोंदलेल्या निघाल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तिथे त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. हे वाचले तेव्हा मला आमचा एक साचा आठवला. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते, एबीएस हे दुसरे प्लास्टिक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एका मुलाने पॉलिप्रॉपिलीनच्या फिटिंगच्या साच्याला चुकून एबीएसचा आकडा धरला. पोलाद कापून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात आले, आणि तो अकरा दिवस गप्प राहिला, कारण त्याआधीच्या महिन्यात मी दुसऱ्या एकाला मशीनपाशी सर्वांदेखत झापले होते. अकरा दिवसांत त्या साच्यावर पॉलिशही झाले. साच्याचे नुकसान त्याच्या चुकीने झाले, पॉलिशचे नुकसान माझ्या तोंडाने. त्यानंतर मी नियम बदलला: चूक स्वतः सांगितली तर चर्चा फक्त दुरुस्तीची, लपवलेली सापडली तर चर्चा लपवण्याची. आणि बैठकीत मी सर्वांत शेवटी बोलायचे. आपल्याकडे ‘भाऊ असं म्हणाले’ झाले की विषय संपतो, म्हणून भाऊंनी आधी बोलूच नये.

आता जाणाऱ्यांबद्दल. काही जण जाणारच, आणि त्यांना बाँड लिहून घेऊन किंवा मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून अडवणे मला सर्वथा गैर वाटते. शिवाय अडवलेला माणूस खुर्चीत बसतो, काम करत नाही. आपण हे दोन्ही करत नाही असे आपल्या पत्रावरून धरून चालतो. तोटा माणूस गेल्याचा असतो त्याहून अधिक त्याच्या हातातली जाण गेल्याचा असतो, आणि ती निघताना दिलेल्या पंधरा दिवसांत फाइलमध्ये उतरवता येत नाही. पुरणाचा मांडा हातावर किती ताणायचा आणि खापरावर कधी टाकायचा हे कोणी वाचून शिकलेले नाही. शेजारी बसून, चार मांडे फाडूनच ते येते. जपानच्या मात्सुशिता कंपनीला १९८० च्या दशकात घरी पाव बनवणारे यंत्र करायचे होते आणि पीठ नीट मळले जात नव्हते. क्ष-किरणांनी पीठ तपासूनही उलगडा होईना, तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअर विभागातली तरुणी ओसाकाच्या एका हॉटेलातल्या प्रमुख कारागिराच्या हाताखाली शिकली, आणि तो पीठ ओढताना त्याला पीळ देतो हे तिच्या ध्यानात आले. तो पीळ मग यंत्रात आणला गेला. आपल्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनतात-दुरुस्त होतात त्या खोलीत, एखादा जुना फिटर असेलच, जो साचा बंद होतानाच्या आवाजावरून पिन घासते आहे हे ओळखतो. संगणकावर साचे काढणाऱ्या मुलाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस त्याच्या शेजारी उभे करा, आणि फिटरला या शिकवण्याचे वेगळे पैसे द्या. फुकट शिकव म्हटले तर तो हातचे राखून शिकवेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

राहण्याचे कारणही द्यावे लागते. आपल्याकडे पगार वाढवायचा तर माणसाला मॅनेजर करतात, आणि उत्तम साचे काढणारा माणूस रजेच्या अर्जांवर सह्या करत बसतो. एकही माणूस हाताखाली नसताना कामातल्या जाणकारीवर मॅनेजरइतका पगार मिळू शकतो, हे निदान एका माणसाच्या बाबतीत करून दाखवा. बाकीचे बघत असतात. आणि ज्या मुलाच्या घरी केळीची बाग आहे, ज्याच्या वडिलांनी करपा रोगात केळीची पाने जाताना पाहिली आहेत, तो आपल्या गिऱ्हाइकाला पुण्याच्या कोणत्याही अभियंत्याहून चांगला ओळखतो. त्याला ‘आपले गाव सोडू नको’ असे सांगू नका, नव्या फिटिंगच्या निर्णयात बसवा.

खान्देशात कल्पक माणूस टिकत नाही, या आपल्या वाक्याशी मी अर्धाच सहमत आहे. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगावातला केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढले. ते काम इथेच झाले, इथल्या माणसांनी केले. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपासाठी सुरू झालेली विप्रो पुढे संगणकांकडे वळली, पण ते काम अमळनेरात झाले नाही, बंगळूरला झाले, कारण त्या कामाचे निर्णय तिथे होत होते. माणसे निर्णय होतात तिकडे जातात. आपल्या कारखान्यातले निर्णय आपल्या केबिनमध्ये होत असतील आणि त्या नऊ जणांना ते चपराश्याकडून कळत असतील, तर त्यांच्यासाठी पुणे जळगावपेक्षा फार लांब नाही.

कोठून सुरुवात करावी, तर नव्या बैठका आणि नवे तक्ते आजच नकोत. त्या चौदा चिठ्ठ्या शोधा. कूलरच्या चिठ्ठ्या फालतू म्हणून बाजूला टाकू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर पत्र्याच्या टूलरूममध्ये डिझाइनचे संगणक तापून बंद पडत असतील, तर ती कामाबद्दलचीच सूचना आहे, आणि लिहिणाऱ्याने बहुधा हेही आजमावून पाहिले आहे की सर्वांत सोप्या गोष्टीला तरी उत्तर मिळते का. लांब वही आणा, पहिल्या ओळीत कूलर लिहा, सुचवणाऱ्याचे नाव लिहा आणि पुढच्या बाजाराची तारीख टाका. कूलर परवडत नसेल तर ‘नाही’ लिहा, शेजारी कारण लिहा, आणि मग उरलेल्या पाच चिठ्ठ्या उघडा.